राजकन्येच्या गोधडीचं तिसरं ठिगळ

एका राज्यात राजाशी भांडायची कुणाची छाती होत नसे. गोधड्या शिवणाऱ्या म्हाताऱ्या धोंडाईची होत होती. आज तिसरा दिवस. ती भर दरबारात मांडी घालून बसली होती आणि राजा शार्दूलसेन सिंहासनावरून गरजत होता.

"राजकन्येला जुनेर? चिंध्या?"

"तान्ह्या लेकराला जुनंच घालतात, राजा. तुलाही घातलं होतं. तुझी गोधडी मीच शिवली होती."

"ती आम्ही जाळली."

"ठाऊक आहे. धूर माझ्या दारापर्यंत आला होता."



झालं होतं असं. राजानं धूम्रकेश जादूगाराची पेटी जिंकून आणली होती. त्या पेटीतून रोज सकाळी रेशीम निघे. ते मळत नसे, विटत नसे, फाटत नसे. राजानं हरखून महालातलं सगळं जुनं कापड जाळून टाकलं. जाताना धूम्रकेश एवढंच म्हणाला होता, "न झिजणाऱ्या कापडात जे लेकरू वाढेल, त्याला स्पर्श कळणार नाही."

राजा तेव्हा हसला. आता राजकन्या नऊ महिन्यांची झाली होती आणि तिच्या मुठी एकदाही उघडल्या नव्हत्या. गुदगुल्या केल्या तरी ती हसत नसे. राणी मंजुळा गालाला गाल लावी, तरी पोर छताकडेच बघे. छातीशी धरलं तर दूधही शोधत नसे; बोंडल्यानं घशात ओतावं लागे.

राणी पुढं आली. म्हणाली, "धोंडाई, काय हवं ते सांग."

"तीन ठिगळं. एक खरखरीत, एक मऊ, एक बापाच्या अंगचं. तिन्ही वापरून झिजलेली."

शंभर वर्षं अंगावर झिजलेली खरखरीत घोंगडी राज्यात एकच, धूम्रकेशाची. धोंडाई सात टेकड्या चढून त्याच्यापुढं उभी राहिली.

"एक कोपरा दे."

"बदल्यात काय देशील?"

"पाठीमागनं उसवली आहे ती. थंडी वाजत नाही का रे तुला?"

जादूगारानं मान खाली घातली. शंभर वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं घोंगडी उतरवून दिली, धोंडाईनं उसवलेलं शिवलं आणि कोपरा कापून घेतला.

मऊ ठिगळ महालाच्या शिखरावर, साळुंकीच्या घरट्यात होतं.

साळुंकी म्हणाली, "राजाची गोधडी जळताना हा तुकडा मी उचलला. पंख पोळला माझा. आता हा दिला तर पिलांखाली काय घालू?"

धोंडाईनं आपल्या लुगड्याचा पदर फाडला. "वीस वर्षांचं आहे. टोचणार नाही."

राहिलं तिसरं. राजानं आपला रेशमी शेला दिला. त्यावर सात सुया मोडल्या. आठवी धोंडाईनं काढलीच नाही.

"राजा, तुझ्या अंगावर झिजलेलं काही नाही. मग आता झिजव." तिनं एक जाडीभरडी विजार त्याच्यापुढं टाकली. "ही घाल, लेकीला पाठीवर घे, आणि रोज दरबारभर रांग. गुडघे विरले की ये."

"आम्ही घोडा व्हायचं?"

"मग काय प्रधानजी होणार?"

राणी खुदकन हसली. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच. ते हसू पाहून राजा मुकाट्यानं सिंहासनावरून उतरला.

पहिल्या दिवशी प्रधानजींनी शरमेनं खांबाकडे तोंड केलं. दहाव्या दिवशी ते पुढं होऊन वाटेतले पाट उचलू लागले. राणी पोरीला राजाच्या पाठीवर धरून बाजूनं चाले. पोरीच्या मुठी मिटलेल्याच. पण विसाव्या दिवशी राजा कुणी न सांगता खिंकाळला. महिनाभरात विजारीचे गुडघे जाळीसारखे विरले.

धोंडाईनं गुडघ्याचं ठिगळ कापलं. अस्तर घातलं, ओळीवर ओळ धावदोरा घातला. एका कोपऱ्यात बाजरीचा कोंडा भरला, म्हणजे दाबलं की खसखसेल. दुसऱ्या कोपऱ्याला घुंगरू शिवला. मग पोरीला उघडीच त्या गोधडीवर पालथी घातली.

घोंगडीला गाल घासला. पोरीनं कपाळाला आठ्या घातल्या आणि शिंकली. मऊ तुकड्यावर तिचे डोळे मिटत आले. मग ती गुडघ्याच्या ठिगळापाशी आली. एक बोट सुटलं, दुसरं सुटलं, मूठ उघडली. तिनं विरलेला दोरा धरून ओढला आणि असा टाहो फोडला की शिखरावरची साळुंकी उडाली. राणीनं तिला उचललं. पोर थेट छातीला झोंबली.

त्याच क्षणी राजाची रेशमी बाही उसवली. पेटीतलं रेशीम चारचौघांच्या कापडासारखं कापड झालं, आणि राजानं पेटी धूम्रकेशाकडे परत धाडली.

पण गोधडी हातात घेतली आणि तो पुन्हा गरजला, "ही सात कुलपांत ठेवा!"

"कुलपांत? पोरीनं लोळायचं कशावर? तुझ्या मुकुटावर?"

"लोळली तर विरेल!"

"विरायलाच शिवली आहे."

"आणि फाटली तर? धोंडाई, ती पुन्हा..." राजानं गोधडी छातीशी कवटाळली. घुंगरू वाजला.

धोंडाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. सात सुया मोडणाऱ्या त्या हट्टाखाली काय होतं ते तिला आता दिसलं. तिनं सुई लुगड्याला खोवली, गोधडी त्याच्या हातातून काढून जमिनीवर अंथरली आणि म्हणाली, "फाटू दे, लेकरा, मी आहे तोवर ठिगळ मी लावीन, आणि माझ्यामागं तू लावायचंस, म्हणून उद्यापासून सुई धरायला ये."