लाल दोऱ्याची खूण

बनीच्या जेवणापायी ठकू परटिणीच्या घरातलं एकेक भांडं बाजारात चाललं होतं. आता कपडे उकळायचा तांब्याचा मोठा हंडा तेवढा उरला होता. तो गेला की धंदाच बसला!

बनी ही तिची सहा वर्षांची, गोड पोर. पण शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचे ओठ सुजत, घसा आवळे, श्वास अडके. एकदा देवळात कुणी दाण्याचं कूट घातलेली चिमूटभर खिरापत तिच्या हातावर ठेवली, तेव्हा वैद्यबुवांनी तिला कशीबशी वाचवली होती. आणि पोर जन्मली कुठं म्हणाल, तर करंजपूर संस्थानात! तिथले राजे तुळाजीराव भुईमुगाचे असे वेडे, की शेतात भुईमूग, घाण्यावर भुईमूग, प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट, आणि दरबारात येईल त्याला राजांच्या हातचा दाण्याचा लाडू. बनीसाठी ठकूला करडईचं तेल वेगळं काढून घ्यावं लागे. त्यासाठी तेली आधी घाणा धुणार, पहिलं तेल फेकणार, अर्धा दिवस मोडणार आणि तिप्पट पैसे घेणार. त्याचं तरी काय चुकलं?

शेवटी ठकू पदर खोचून दरबारात गेली. तिनं मागणं घातलं, की संस्थानातला एक घाणा फक्त करडईला राखून ठेवावा, आणि ज्यांच्या घरी असं पोर आहे त्यांना ते तेल शेंगतेलाच्या भावात मिळावं.

कारभारी नाकातल्या नाकात हसले. म्हणाले, हे आईचे नुसते लाड आहेत. राजे मात्र चिडले. त्यांच्या भुईमुगाला नावं ठेवायची म्हणजे काय! विष असेल तर ते सगळ्यांना विष, अन्न असेल तर सगळ्यांना अन्न, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं, आणि एकदा म्हटलं की ते काही हलायचे नाहीत.

"हजारांच्या अंगाला लागतं, काही होत नाही, आणि एकालाच बाधतं, असं काही या संस्थानात असेल तर दाखव," राजे म्हणाले. "तो एक माणूसही दाखव. तुझी पोर सोडून दुसरा. भर दरबारात दाखवायचा, आणि कुणाच्या केसालाही धक्का लागता कामा नये. आठ दिवस दिले. नाही जमलं, तर तुझी पोर माझ्या हातचा लाडू खाईल. खाल्ला की सवय होईल तिला."

लाडवाचं ते खरंच मायेनं बोलत होते, हीच मोठी पंचाईत.

सात दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. सातव्या दिवशी ती घाटावर राजांचे अंगरखे धूत होती. एका अंगरख्याच्या बाहीवर तिची नजर गेली, आणि ओल्याच हातानं तिनं कपाळ बडवून घेतलं. इतकी वर्षं हे आपल्याच हाताखालून जातंय आणि आपल्याला दिसलं नाही!

आठव्या दिवशी दरबार खच्चून भरला. राजांच्या शेजारी चांदीच्या ताटलीत लाडू तयार होता. ठकू आली ती एका हातात बनीचा हात आणि दुसऱ्या हातात एक गाठोडी घेऊन.

"सरकार," ती म्हणाली, "कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आम्ही परीट त्यांच्यावर खूण करतो. कशानं करतो?"

"हे काय विचारणं झालं? बिब्ब्याच्या काळ्या चिकानं," राजे म्हणाले.

ठकू एक पाऊल पुढं आली आणि गाठोडीची गाठ सोडायला लागली.

राजे ताडकन उठले. एक जोडा गादीपाशीच राहिला.

"थांब! गाठ सोडू नकोस! मागं हो!"

ठकू जागच्या जागी थांबली. "का बरं, सरकार? कारभारीसाहेबांच्या उपरण्यावर बिब्ब्याचीच खूण आहे. इथं बसलेल्या सगळ्यांच्या कपड्यांवर आहे. कुणाला काही होत नाही."

"मला होतं! नुसता लागला तरी माझं तोंड भोपळ्याएवढं सुजतं!"

बोलून गेले आणि राजांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"हजारांतला एक सापडला, सरकार," ठकू म्हणाली.

कारभारी मात्र उसळले. राजांच्या जिवावर बेतेल अशी वस्तू हिनं दरबारात आणली, अट मोडली, असा त्यांनी गिल्ला केला. ठकूनं शांतपणे गाठ सोडली. आत लाल रेशमी दोऱ्याची गुंडी होती, आणि तिच्यात खोचलेली सुई.

"ज्याला जे बाधतं ते त्याच्यासमोर आणायचं नसतं, साहेब. मी बनीची आई आहे, मला नाही का कळत?" मग ती राजांकडे वळली. "साऱ्या गावाचे कपडे बिब्ब्यानं खुणावतो. एकट्या सरकारांचे दोऱ्यानं. त्यांना दगड वेगळा, वाड्यावरून आलेला हंडा वेगळा, वाळत घालायची दोरी वेगळी. रेशीम खजिन्यातून येतं. याला आजवर कुणी लाड म्हटलं नाही."

राजांनी आपली बाही वळवून पाहिली. लाल टाका होताच! ते असे खदखदून हसले, की डोळ्यांना पाणी आलं आणि दुसराही जोडा निसटला.

त्यांनी तिथंच हुकूम सोडला. राजवाड्याच्या अंगणातला घाणा आजपासून फक्त करडईचा. दाणा असो, दूध असो, ज्या पोराला जे बाधतं, त्याच्या घरी त्याऐवजी लागेल ते अन्न नेहमीच्या भावात मिळेल, वरचा खर्च खजिन्याचा. ठकूची विकलेली भांडी परत आणून द्यायची, तेवढी जबाबदारी कारभाऱ्यांवर आली.

"आणि ठकूबाई, पोरीच्या पोलक्यावर आमचा टाका घाला. आत्ताच," राजे म्हणाले. "म्हणजे चारणारा आधी विचारील."

ठकूनं टाका घातला. बनी हरखून बाहीकडे बघत राहिली. राजांनी तिला जवळ बोलावलं, आणि काय सांगू, हाताला पडलेली सवय! ताटलीतला लाडू उचलून त्यांनी तिच्यापुढं केलासुद्धा. ठकू धावणार, तोच त्यांना बाहीवरचा लाल टाका दिसला.

"अरे, ही तर आमच्यातली!" राजे म्हणाले.

हा खर्च कुठल्या खाती मांडायचा, हे विचारायला कारभाऱ्यांनी नेमकं तोंड उघडलं होतं. राजांनी तो लाडू त्यांच्या तोंडात कोंबला.