सुऱ्यांची फळी

"मग इथं राखण कोण करणार, आक्का?"

टोणपेअण्णांनी हे विचारलं तेव्हा दाराशी जीप उभी होती. बायको पिशवी मांडीवर घेऊन आत बसलीसुद्धा होती. अण्णा मात्र किल्ली मुठीत आवळून खोलीच्या मधोमध.

मिरजेच्या डॉक्टरनं बजावलं होतं, आजच्या आज ॲडमिट व्हा, छाती उघडावी लागणार, उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. पण अण्णांचा पाय निघेना.

निघणार कसा? बंद पडलेल्या गिरण्यांचे पितळी बिल्ले, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेले मागाचे धोटे, बॉयलरचा भोंगा, तंबूतल्या सिनेमाचं यंत्र, विदूषकाचे हातभर लांब बूट. जगानं मोडीत काढलेलं सगळं अण्णांकडं माहेरपणाला आलं, आणि परत जायचं नाव काढीना.

रात्री उंदीर खुडबुडला तरी अण्णा बॅटरी घेऊन उठायचे. वाळवीची भीती, गंजाची भीती, चोराची भीती. आणि एक थोरला जावई, जो भंगारवाल्याशी फार गोड बोलायचा.

शेवटी बायकोनंच चंपाक्काला बोलावणं धाडलं होतं.

चंपाक्का अण्णांची गुरू. तरुणपणी ती सर्कशीत फळीला पाठ लावून उभी राहायची, आणि तिचा नवरा तिच्या अंगाभोवती सुऱ्या फेकायचा. सर्कस मोडली, नवरा गेला, तशी ती गावाबाहेरच्या मठीत येऊन राहिली. अण्णा आधी तिची फळी मागायला जायचे. फळी मिळाली, तरी जातच राहिले. तिच्यापाशी बसलं की जरा धडधड कमी व्हायची.

आज काही कमी होईना.

आक्कानं किल्लीकडं बघितलंच नाही. भिंतीला टेकवलेल्या आपल्या जुन्या फळीजवळ गेली. शेजारच्या कपाटातून एक सुरी उचलली.

"हात नका लावू, आक्का. घामानं गंज धरते."

"बरं. फळीपुढं उभा राहा."

"आत्ता?"

"मग काय, छाती शिवून आल्यावर?"

गुरूला नाही म्हणायची सोय नव्हती. अण्णा फळीला पाठ लावून उभे राहिले. भोवतीनं सगळी भोकंच भोकं, आणि मध्ये आक्काच्या अंगाएवढी कोरी जागा. त्या जागेत अण्णांचं पोट काही मावेना.

आक्का खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. पदर खोचला. एक डोळा बारीक केला.



"आक्का... तुम्ही सुरी फेकलीये ना कधी?"

"छे रे. मी नुसती उभी राहायची. आज बघते जमतंय का."

हात कानामागं गेला. म्हातारीचा हात, थरथरतच होता. सुरीचं टोक कधी अण्णांच्या कानाकडं, कधी गळ्याकडं...

अण्णांच्या छातीत बारीक कळ उठली. बाहेर बायकोनं हाक मारली. तीही त्यांना लांबून आल्यासारखी वाटली.

सुरी मागं गेली.

"थांबा!"

अण्णांनी दोन्ही हात पसरले, टाचा उचलल्या, होता नव्हता तेवढा देह फळीवर ताणला.

"नवं भोक पडेल तिला, आक्का..."

...

आक्काचा हात तसाच वर राहिला. अण्णांना वाटलं, आता हसेल. पण ती हसली नाही.

तिनं सुरी हळूच खाली घेतली.

"उभी जवानी ह्या फळीपुढं काढली, लेका. रोज देवाला म्हणायची, सुरी फळीला लागू दे... फळीला लागू नये म्हणून छाती पुढं करणारा तू पहिलाच."