फळीवरच्या ताटल्या

“म्हणजे म्हातारपणी सगळे सारखेच होतात, असं म्हणतोस तू?”

अप्पांनी विचारलं, आणि शेंगा सोलायचं काम चालूच ठेवलं.

रेवणसिद्ध समोर घोंगडीवर बसला होता. प्रश्न ऐकून तो खुलला. कुणीतरी नेमकं हेच विचारावं म्हणून तर तो पुण्याहून निघाल्यापासून वाट बघत होता.

“सारखे कसले अप्पा? आमचे काकणभर सरसच निघाले.”

आमचे म्हणजे खाणवस्तीतले. गावाबाहेर दगडाची खाण, तिच्या कडेला वडारांची वस्ती. रेवण तिथला. बाप खडी फोडायचा. तो गेल्यावर आईनं पोराला या मठात आणून सोडलं, आणि अप्पांनी, म्हणजे मठाच्या गुरुसिद्ध स्वामींनी, त्याला जेवायला घातलं आणि शिकवलं.

पोरगं हुशार निघालं. डॉक्टर झालं. औषध देणारं नव्हे, मोजणारं. पाळण्यापासून काठीपर्यंत श्रीमंताच्या आणि गरिबाच्या देहात काय फरक पडत जातो, हा त्याचा अभ्यास. त्याची मोठी पदवी होती, आणि बोलता बोलता ती कुठून तरी पुढे यायचीच.

यंदा जिल्ह्याच्या कचेरीनं त्याला काम दिलं होतं. वस्तीतला सरकारी दवाखाना तिथंच ठेवायचा, की स्टँडजवळच्या नव्या वसाहतीत हलवायचा, हे ठरवायचं होतं. रेवणनं बाजारपेठेतले आणि वस्तीतले सत्तरीचे म्हातारे गाठले. त्यांना मूठ दाबायच्या यंत्रावर जोर लावायला सांगितला, नळीत फुंकायला लावलं, खुर्चीवरून हात न टेकता उठवलं. शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न केला. तब्येत कशी आहे?

पेठेतले म्हातारे कुरकुरले. वस्तीतले म्हणाले, ठणठणीत.

रेवणला मनापासून आनंद झाला होता, खोटं कशाला सांगा. जन्मभर त्यानं ऐकलं होतं, वस्तीतली माणसं म्हणजे बिचारी. आता आकडेच सांगत होते की बिचारी नाहीत.

“मग दवाखान्याचं काय लिहिलंस?” अप्पांनी विचारलं.

हलवला तरी चालेल असं लिहिलंय, रेवण म्हणाला. लहानपणीची गरिबी अंगाला बाधते खरी, पण आमच्या माणसांत ती पुढे जिरून जाते. दगड फोडून माणसं दगडासारखी होतात. उद्या कचेरीत अहवाल द्यायचा, त्याआधी आशीर्वाद घ्यायला आलो.

अप्पांनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला, तो बाजूला टाकला.

“वस्तीतल्या बायका बाळंतपणाला कुठं जातात रे आता?”

“त्याच दवाखान्यात.”

“हं…”

अप्पांनी टरफलं बाजूला सारली.

“वस्तीला कुणाची दया नको अप्पा,” रेवण जरा चढ्या आवाजात म्हणाला.

“आशीर्वाद देतो की,” अप्पा म्हणाले. “आधी ताटं मांड.”

त्या दिवशी थोरल्या स्वामींची पुण्यतिथी होती. दुपारी मठात दासोह, म्हणजे सगळ्यांना जेवण. मठाच्या शाळेत शिकलेली माणसं या दिवशी जेवायला येतात, ती आपापल्या ताटात जेवतात. शाळेत नाव घातलं की प्रत्येक पोरानं घरून एक ताट आणायचं, त्यावर नाव कोरलेलं असायचं. पोरं मोठी होऊन जायची, ताटं मठातच राहायची.

एरवी स्वयंपाकी येणाऱ्यांची तेवढी ताटं काढून ठेवायचा. आज अप्पांनी रेवणला सांगितलं, माझ्या पहिल्या वर्गाची ताटं उतरव. सगळी. एकही फळीवर ठेवू नकोस.

पहिला वर्ग म्हणजे आता सत्तरीला टेकलेली माणसं. रेवणनं तपासली होती तीच. अप्पांनी तो वर्ग घेतला तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. आता अप्पांनी ऐंशी ओलांडली होती.

कोठीघरात समोरासमोर दोन फळ्या होत्या. एकीवर पेठेतल्या पोरांच्या पितळ्या, जड, काठाला नक्षी. दुसरीवर वस्तीतल्या पोरांच्या जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटल्या, पातळ, काळवंडलेल्या. त्या काळी दोघांची पंगतही वेगळी बसायची. अप्पांनी भांडून भांडून पंगत एक केली, पण फळ्या तशाच राहून गेल्या. एकेक खोड अशी असते.

“आजच्या दिवस फळीप्रमाणे मांड,” अप्पा बाहेरून म्हणाले.

रेवणला हे काही पटलं नाही. एवढं शिकून ताटं पुसायची, तीही पंगतभेद करून! पण अप्पांपुढे कोण बोलणार. त्यानं धोतराच्या फडक्यानं ताटं पुसली आणि पत्ते वाटावेत तशी भराभर मांडली. इकडे पितळ्यांची ओळ, समोर जर्मलची. दोन्ही जवळजवळ सारख्याच लांब झाल्या.

माणसं आली. जो तो वाकून नाव बघत आपापल्या ताटावर बसला.

पेठेची ओळ भरली. मध्ये एखाददुसरी जागा रिकामी राहिली, तेवढीच.

समोरच्या ओळीत सायबण्णा बसला, त्याच्यापासून लांब दुर्गप्पा, आणि पार टोकाला आणखी दोघे-तिघे. बाकी नुसत्या ताटल्या. सायबण्णानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि एकट्यानं घास जाणार नाही म्हणून दुर्गप्पाकडे सरकायला लागला.

“आपल्या ताटावर बस, सायबा,” अप्पा म्हणाले. तो परत येऊन बसला.

जास्तीच्या ताटल्या उचलू का, रेवणनं विचारलं.

“राहू दे. वाढायला घे. आणि वाढताना तुझा तो प्रश्न विचार. मला ऐकायचाय.”

हुग्गी केली होती, गव्हाची खीर. रेवणनं बादली उचलली, पळी घेतली आणि पेठेच्या ओळीपासून सुरुवात केली. अप्पा काठी टेकत मागून चालले.

“तब्येत कशी आहे?”

एकाचे गुडघे दुखत होते. एकाला साखर होती, तरी त्यानं हुग्गी दोनदा वाढून घेतली. एकजण म्हणाला, मला काय विचारता, सुनेला विचारा, तिला मी दिवसभर दिसतो. पंगत हसली. रेवणही हसला.

ओळ संपली. तो समोरच्या ओळीला आला.

“तब्येत कशी आहे, सायबण्णा काका?”

“मला काय धाड भरलीय! वाढ अजून.”

रेवणनं अप्पांकडे अभिमानानं बघितलं, आणि पुढच्या रिकाम्या ताटल्या ओलांडून थेट दुर्गप्पाकडे निघाला.

अप्पांची काठी आडवी आली.

“इथं नाही विचारलंस.”

“इथं कुणी नाहीये अप्पा.”

“नाव वाच.”

रेवण वाकला. ठोक्याठोक्यानं कोरलेली अक्षरं होती. यल्लप्पा.

“क्रशरवर होता,” सायबण्णा बसल्या जागेवरून म्हणाला. “धुळीनं छाती धरली. लग्न होऊन वरीस झालं नव्हतं.”

“वाढ,” अप्पा म्हणाले. “आणि विचार.”

रेवणनं पळीभर हुग्गी घातली. आणि विचारलं.

पेठेतले हात ताटातच थांबले.

पुढच्या ताटलीवर हणमंता. तो सुरुंगात गेला, सायबण्णानं सांगितलं. त्याच्या पलीकडची ताटली मात्र नवी कोरी होती. तिला चेप नव्हता, ओरखडासुद्धा नव्हता. रेवणला वाटलं, ही चुकून नंतरची आली असावी.

“तुकी,” नाव न बघताच सायबण्णा म्हणाला. “शाळेत आली त्याच पावसाळ्यात हगवणीनं गेली. तवा वस्तीत दवाखाना कुठला…”

रेवणनं हुग्गी वाढली. प्रश्न विचारताना त्यानं नकळत आवाज लहान केला, लेकराशी बोलतात तसा.

आता त्याला कळून चुकलं होतं. त्यानं वस्ती मोजलीच नव्हती. वस्तीतून जे उरले होते ते मोजले होते. जे लहानपणी गेले, तरणेपणी गेले, पन्नाशीही न बघता गेले, ते त्याच्या यंत्रापर्यंत आलेच नव्हते. मूठ दाबायला सायबण्णा आला, कारण सायबण्णाच राहिला होता. एवढी साधी गोष्ट, आणि ती मोठ्या पदवीला दिसली नाही. दिसायला नको होती म्हणा. आपली माणसं भक्कम आहेत हे ऐकायची त्याला घाई झाली होती.

कान तापले. पेठेतले सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटलं. बादली ठेवून निघून जावं, असंही वाटलं.

“पुढचं,” अप्पा म्हणाले.

पुढची ताटली एका बाजूनं चेपलेली होती. चेपावर अक्षरं वाकडी झाली होती, तरी वाचता येत होती.

भीमा.

रेवण उभाच राहिला.

त्याच्या बापाचं नाव भीमा. मठात काही दिवस शिकला होता, एवढं आई सांगायची. त्याचं ताट असेल हे रेवणच्या कधी मनात आलं नव्हतं. मघाशी त्यानंच ते पुसलं होतं आणि त्यानंच मांडलं होतं. बाप गेला तेव्हा रेवण चौथीत होता. रात्रंदिवस खोकायचा आणि कुणी विचारलं की म्हणायचा, ठणठणीत.

आज असता तर सायबण्णाच्या शेजारी बसला असता. तपासणीलाही आला असता. लेकाच्या यंत्रावर जोर लावून मूठ दाबली असती.

रेवणच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, हात खरकटे होते.

अहवाल बाहेर घोंगडीवर पिशवीत होता. उद्या सकाळी तो कचेरीत द्यायचा होता.

“विचार की,” अप्पा म्हणाले.

रेवण उकिडवा बसला. बापाच्या ताटलीत त्यानं हुग्गी वाढली, काठोकाठ.

“तब्येत… कशी आहे?”

हुग्गीची वाफ निघत होती. ती हळूहळू कमी झाली. कुणी घास उचलला नाही.

रेवणनं मान वर केली.

“काही बोलत नाहीत, अप्पा.”

“मग तसं लिही.”