गोफणीची दोरी

अवजारांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. ज्वारीच्या शेतातल्या मचाणावर एक गोफण राहायची. एका संध्याकाळी चंद्र उगवला, तशी ती म्हणाली, "मी ओढून धरते म्हणून गोटा गोल फिरतो. चंद्रही गोल फिरतो. म्हणजे त्यालाही पृथ्वी ओढून धरत असणार."

कणसं खायला आलेल्या पोपटांचा म्होरक्या खो-खो हसला. "अगं चिंधडे, पाखरं हाकलायची सोडून आभाळाच्या गप्पा? तिथले कायदे निराळे! चंद्र आपल्या मर्जीने फिरतो. कबूल कर, नाहीतर तुझी दोरी तोडतो."

दोरी तुटली की गोफण संपली. तरी ती म्हणाली, "खुशाल तोडा. पण मी फिरत असताना तुटू द्या."

पोपटांनी दोरी कुरतडून एका धाग्यावर आणली. तिच्या सांगण्यावरून शेजारच्या चिंचेवरच्या वानराने गोटा घालून गोफण गरगर फिरवली. ताडकन दोरी तुटली आणि गोटा नाकासमोर सरळ निघून गेला.

"संपली बया!" म्होरक्या ओरडला.

"संपले खरी," मातीत पडलेली गोफण म्हणाली, "पण बघितलंत ना? ओढ तुटली की गोटा सरळ जातो. चंद्र अजून फिरतोच आहे. जा, त्याची ओढ तोडून दाखवा!"