कोपऱ्यातला भित्रा

एकदा एका संस्थानात एक वृद्ध व्यंगचित्रकार राहत होता. तिथल्या साप्ताहिकात दर शनिवारी त्याचे चित्र येई. चित्राखाली तो सही करत नसे. विषय कोणताही असो, एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा एक माणूस मात्र असायचाच. गुडघे एकमेकांवर आपटत असलेले, धोतराचा सोगा मुठीत घट्ट धरलेला. लोक त्याला ‘भित्रा’ म्हणत आणि अंक हाती येताच आधी त्यालाच शोधत.

म्हाताऱ्याचे हात थकले, तेव्हा एक मुलगी त्याच्याकडे शिकू लागली. तिच्यापाशी चित्रकारांच्या चरित्रांचे एक जाड पुस्तक होते. पाने सुटेपर्यंत तिने ते वाचले होते. त्यातले चित्रकार राजाच्या तोंडावर हसत आणि तुरुंगाच्या भिंतीवरही चित्रे काढत. त्यांतल्या एकाचेही गुडघे कापत नव्हते.

त्या वर्षी संस्थानच्या कारभाऱ्याने गावतळ्याचे पाणी आपल्या गुलाबाच्या बागेकडे वळवले. त्यावर एका शाहिराने कवन रचले, तर त्याला गाव सोडावे लागले. त्याच्या दाराचे कुलूप मुलीला रोज जाता-येता दिसे. तरीही तिने चित्र काढले. कारभाऱ्याचे पोट म्हणजेच तळे, आणि काठावर रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका. भित्रा मात्र तिने मुद्दाम गाळला. तिला त्याची लाज वाटे.

चित्र छापून आले त्याच दुपारी कारभाऱ्याचा शिपाई दारात उभा राहिला.

“आजोबा, यात भित्रा नाही. म्हणजे हे तुमचं नव्हे, हे साहेबांनीही ओळखलं. ज्याचं असेल त्याला बसवून ठेवा. साहेब स्वतः येतायत.”

शिपाई गेला. मुलीने मूळ चित्र झडप घालून उचलले.

“गुरुजी, मी हे फाडून टाकते. तुम्हीच काढलं म्हणून सांगा ना! भित्रा राहून गेला म्हणा.”

बोलून गेल्यावर तिने मान खाली घातली. म्हातारा रागावला नाही. त्याने टाक शाईत बुडवून तिच्या हाती दिला.

“भित्रा काढ.”

“आत्ता?”

“आत्ताच. हात कापतोय तोवर.”

गुरुजींना भ्रम झाला असे तिला वाटले. रस्त्यावर घोडागाडीची चाके ऐकू येत होती. तिने कशीबशी रेघ ओढली. कोपऱ्यात दोन वेण्यांची, गुडघे जुळलेली एक इवलीशी आकृती उमटली.

म्हाताऱ्याने कागद डोळ्यांशी नेला. “वा! माझा भित्रा इतका छान कधी घाबरला नव्हता.”

“पण पुस्तकातले ते सगळे...”

“बाळ, चरित्र लिहिणारा पोचतो तो सगळं उरकल्यावर. दारावर थाप पडण्याआधी तो माणूस काय करत होता, हे त्याला कोण सांगणार? मी दर चित्राआधी घाबरलो. म्हणून आधी भित्रा काढत आलो. भीतीला अंगठ्याएवढी जागा दिली नाही, तर ती अख्खा कागद मागते. आत्ता तुझ्याकडे तिनं तेच मागितलं.”

मुलीने चित्र परत हाती घेऊन पाहिले, तर त्याची कड तिच्या बोटांनी बोटभर फाडलेलीच होती.

कारभारी आत आला. मागे शिपाई होता.

“कोणी काढलं हे?”

मुलीने टाक खाली ठेवला. मग ती म्हणाली, “मी.”

त्याने तिच्या हातून चित्र ओढून घेतले. त्याची नजर कोपऱ्यात थबकली.

“आणि ही कोण?”

“मीच. तुम्ही येणार म्हणून घाबरलेली.”

मागे शिपाई फसकन हसला आणि लगेच खोकू लागला. कारभारी हसला नाही. “यापुढे हात जपून चालव,” एवढेच म्हणून तो चित्र घेऊन निघून गेला.

तळ्यात पाणी आले नाही. मुलीची भीतीही गेली नाही. पुढचे चित्र काढायला ती बसली. तिने आधी कोपऱ्यात दोन वेण्यांची मुलगी काढली, अंगठ्याएवढी. मग जरा मागे सरून पाहिले.

कागद बराच उरला होता.