डोंगर येतोय, उठा

लहानांनो आणि थोरांनो, ही हकिगत फार फार जुन्या काळातली आहे. एका उंच डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांचं एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला अगदी खेटून, त्यांचं चर्च होतं. जुनी इमारत अपुरी पडू लागली, म्हणून गावकऱ्यांनी त्याच डोंगराचा दगड फोडून ती चांगली ऐसपैस बांधली होती.

तिथल्या पाळकाचं नाव अब्नेर. माणूस विद्वान आणि मनाने चांगला. जुन्या संदेष्ट्यांच्या गोष्टी तो अशा सांगे की ऐकणारे डोळे पुसत. "त्या लोकांनी देवाचा इशारा ऐकला नाही," तो हळहळून म्हणे, "आपण तिथे असतो तर ऐकला असता!" आणि रोज पहाटे गुडघे टेकून तो एकच मागणं मागे, "प्रभू, एकदा तरी माझ्याशी बोल."

एका रविवारी उपासना चालू असताना सालोमी नावाची विधवा मधल्या वाटेने सरळ पुढे आली. ती शेळ्या राखायची. पायांना चिखल, हातात काठी. चर्चमध्ये तिचा मोठा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता.

"पाळकबाबा, हा डोंगर खाली येणार आहे. देवाने मला सांगायला पाठवलंय. सगळे नदीपलीकडच्या माळावर चला. पीक निघेपर्यंत थांबू नका."

अब्नेरच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि त्याच्या मागोमाग मनात आलं, इतकी वर्षं गुडघे मी झिजवले, आणि आवाज आला तो हिला?

"देवाने तुम्हालाच का सांगितलं, सालोमीबाई?"

"मीही तेच विचारलं. उत्तर नाही मिळालं. जा, एवढंच म्हणाला."

मागे कुणीतरी हसलं. अब्नेर हसला नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "यावर आपण मनन करू. देवाच्या शब्दाचा घाईत भलता अर्थ लागायला नको."

आठवडाभर तो शास्त्र चाळत बसला. पुढच्या रविवारी त्याने त्या इशाऱ्यावरच प्रवचन केलं. डोंगर म्हणजे माणसाचा गर्व. नदी ओलांडणं म्हणजे पश्चात्ताप. लोक हेलावून गेले. "असं प्रवचन जन्मात ऐकलं नव्हतं," एक म्हातारा दारात म्हणाला. मग सगळे घरी गेले आणि जेवायला बसले.

सालोमी पायरीवर थांबली होती. तिने काठी वर केली. "पाळकबाबा, डोंगर म्हणजे तो. त्याच्या पोटातून आपण दगड काढलाय."

त्या आठवड्यात डोंगरातला झरा गढूळ वाहू लागला. खाणीत दगड फोडणाऱ्या अकरा घरांनी ते पाणी पाहिलं आणि भांडीकुंडी उचलून नदी ओलांडली. अब्नेरच्या आंधळ्या आईनेही सालोमीचा हात धरला.

"आई, पाळकाची आई पळाली म्हणून लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मी पलीकडे बसून ऐकेन. तूही चल."

"माझी खात्री पटू दे. देवाला माझ्याशी बोलू दे."

तीन दिवसांनी भर दुपारी अब्नेर नवं प्रवचन लिहीत होता. समोरची दौत आपोआप सरकली आणि मेजावरून खाली पडली. तो धावत बाहेर आला. चर्चच्या मागे डोंगराला हातभर रुंद भेग पडली होती, आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत वाढत होती. झाडं माणसं वाकावीत तशी गावाकडे वाकली होती.

आता त्याला अर्थ विचारावा लागला नाही. तो घंटेकडे धावला आणि सगळा जीव एकवटून दोर ओढू लागला.

आणि मग जे झालं ते त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या गावात घंटेचा अर्थ एकच होता, चर्चमध्ये या. शेतांतून, घरांतून माणसं निघाली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले, लेकरं कडेवर घेतली. सगळे धावत सुटले, थेट डोंगराकडे.

अब्नेरच्या हातातून दोर सुटला. तो चढणीवरून खाली धावला, हात पसरून ओरडला, "मागे फिरा! नदीकडे पळा!" डोंगराच्या घरघरीत त्याचा आवाज बुडाला. पुढच्यांना वाटलं, पाळकबाबा लवकर या म्हणताहेत. ते आणखी जोरात धावले. त्याने पहिल्या चौघांना धरून मागे ढकललं. काही वळले. तेवढ्यात डोंगर आला.

त्रेचाळीस माणसं गाडली गेली. अब्नेरला जिवंत बाहेर काढलं, एक हात मोडला होता. पलीकडच्या माळावर तो तीन दिवस उघड्या डोळ्यांनी पडून होता. चौथ्या दिवशी सालोमी दूध घेऊन आली.

"मी बोलावलं त्यांना," तो म्हणाला. "माझ्या हातांनी बोलावलं."

सालोमीने दूध त्याच्याजवळ ठेवलं. मग म्हणाली, "मला तो आवाज त्या रविवारच्या सात दिवस आधी आला होता. कोण माझं ऐकणार, म्हणून मी शेळ्यांमागे लपून फिरले. ते सात दिवस माझ्या माथी आहेत, पाळकबाबा."

अब्नेर उठून बसला. "मग शेवटी आलात कशा?"

"भीती कुठे गेली होती? तिला घेऊनच आले."

त्या क्षणी त्याच्या काळजात लख्ख झालं. त्याचं रोजचं मागणं देवाने मान्य केलं होतं. त्या रविवारी भर उपासनेत देव त्याच्याशीच बोलला होता. आवाज तेवढा सालोमीचा होता.

हात जुळून आल्यावर तो गाडल्या गेलेल्यांच्या घरच्यांकडे गेला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. कुणी रडलं, कुणी तोंडावर थुंकलं. मग तो एकटाच निघाला. त्याच डोंगररांगेखाली आणखी गावं होती, तिथेही लोक डोंगराचा दगड फोडत होते. पहिल्या गावाने त्याच्यावर कुत्री सोडली. दुसऱ्याने हसून भाकरी दिली आणि वाटेला लावलं. तिसऱ्या गावाच्या पुढाऱ्याने विचारलं, "तुमच्या म्हणण्याचा अर्थ काय?"

"अर्थ लावत बसलो होतो मी," अब्नेर म्हणाला. "त्यात त्रेचाळीस माणसं गेली. डोंगर येतोय, उठा."

पुढाऱ्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आणखी काही न विचारता घरात जाऊन आपल्या म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेतलं. दिवस मावळायच्या आत ते गाव रिकामं झालं. महिन्याभराने डोंगर खाली आला, तेव्हा त्याखाली एकही माणूस नव्हता.

तात्पर्य: देवाचा इशारा कुणाच्याही तोंडून येवो, ऐकताच पाऊल उचलावं, त्याचा अर्थ चालता चालता कळतो.