हंड्यातले काजळ

एका राज्यात एक राजा हळूहळू दगड होत होता. त्याचे नाव सुदर्भ. त्याचा सहा वर्षांचा मुलगा तापाने गेला, ते त्याला सोसवेना. तेव्हा एक मांत्रिक आला. म्हणाला, "तुमचे दुःख मला द्या." त्याने ते धुरात बदलून तांब्याच्या हंड्यात कोंडले, वर झाकण लावले आणि निघून गेला. राजा रडला नाही. पण त्याच दिवशी त्याची पावले दगडाची झाली. वर्षभरात दगड छातीपर्यंत चढला.

राजाला सोडवायला एका मल्लाने हंड्याचे झाकण उघडले आणि घाबरून पाठ फिरवली. त्याचा दगड झाला. राजवैद्याने डोळे मिटून झाकण उघडले, त्याचाही झाला.

मग राजकन्या काळिंदी उठली. ती चारचौघांत बोलत नसे, भिंतींवर चित्रे काढी.

तिची साळुंकी म्हणाली, "तुम्ही? पाहुण्यांना पाणी देताना हात कापतो तुमचा."

"कापू दे. काय करायचे ते सांग."

"तीन कामे. झाकण उघडा, पण तोंड फिरवू नका. धूर धरा, पण मुठीत नको. आणि राजा जे पाहत नाही, ते त्याला दाखवा."

काळिंदीने झाकण उघडले. धुरात भावाचा चेहरा होता. ती पाहत राहिली. डोळे चुरचुरले, पण तिचा दगड झाला नाही. मग तिला दाईचे काजळ धरणे आठवले. तिने थाळीला तूप लावले आणि ती हंड्यावर उपडी धरली. दिवस कलेपर्यंत धुराचे काजळ झाले.

राजासमोरच्या भिंतीवर तिने त्या काजळाने भाऊ काढला. पुढचा दात पडलेला, उजव्या पायात वाळा, पाठीमागे लपवलेला पेरू.

दगड गळ्याशी आला होता. राजाने नजर वळवली. "पुसून टाक."

"आधी काय चुकले ते सांगा, तात. मग पुसते."

राजाने पाहिले. बराच वेळ पाहिले.

"वाळा डाव्या पायात," तो म्हणाला. "उजवा तळ्यात पडला होता. मी रागावलो होतो त्याला."

डोळ्यांतले पाणी छातीवर ओघळले. जिथे ओघळले तिथला दगड मऊ झाला, आणि तो मऊपणा पावलांपर्यंत उतरला. राजा उठला, भिंतीपाशी गेला आणि स्वतःच्या बोटाने वाळा दुरुस्त केला.

बाहेर मल्ल आणि वैद्य अंग झाडत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वर्षभराने दरबार भरला.

काळिंदीने उरलेले काजळ हंड्यात भरले आणि हंडा चौकात ठेवला, उघडाच. ज्यांच्या घरचे कोणी गेले होते ते येत आणि आपल्या माणसाचे चित्र काढायला बोटभर काजळ नेत. साळुंकी प्रत्येकाला विचारी, "वाळा कुठल्या पायात होता?"

"वाळा कुठला," एक म्हातारी बोट बुडवत म्हणाली, "आमच्या ह्यांच्याकडे तपकिरीची डबी होती. डाव्या हातात."